अनुसाआत्याचा शब्द

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं! माणसाला जास्त प्यारं काय — आपलं लेकरू, की आपलाच शब्द? "लेकरू" म्हणालात? इतक्या झटकन? बरं, मग ऐका!

एका गावात अनुसाआत्या होती. तिचा मान केवढा! जुलाबानं कुणाच्या बाळाची टाळू खोल गेली, की बाई निघाली आत्याकडे. आत्या टाळूवर तेलाचा बोळा ठेवायची आणि बजावायची — "जुलाब थांबेस्तोवर पाणी नाही, दूध नाही! वरून ओतलंच नाही, तर खालून गळेल कसं?" पटलं ना? त्या पुढच्या काकूंनी तर मानच डोलावली! अहो काकू, लेकरू आहे ते, फुटका माठ नव्हे!

आणि एक दिवस आत्याच्याच नातीला जुलाब लागले. आठ महिन्यांची ईश्वरी! आत्यानं बोळा ठेवला, दूधपाणी तोडलं. सून सुलभा रडकुंडीला आली — "आई, घोटभर तरी पाजू द्या!"

"गप! गावची लेकरं मी बरी केलीत!"

दुसऱ्या दिवशी पोर रडायचीसुद्धा थांबली. मग मात्र सुलभानं तिला उचललं आणि तडक तालुक्याचा दवाखाना गाठला. मागोमाग आत्या! आत बाकावर बघते तर काय — सगळ्या गावच्याच बाया! "अगंबाई, आत्या? तुम्ही इथं?"

डॉक्टर शेंडगेबाईंनी बोळा बाजूला केला. टाळूला हा खड्डा! पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लवकर बसेना. "पाणी पाजलं का?"

सुलभानं सासूकडं बघितलं. बायांनी कान टवकारले. आत्या म्हणाली, "पाजलं तर! सगळं ओकून टाकते."

"ओकते? मग तोंडानं देऊन काय उपयोग? आणि सलाईनला शीर तर सापडत नाही. जिल्ह्याला न्या. दोन तास लागतील."

"टिकेल ना हो?"

बाईंनी गाडीसाठी फोन उचलला.

मंडळी, काय झालं असेल आत्याच्या जिवाचं? खरं बोलावं, तर जन्माची अब्रू जाते! गप्प बसावं, तर पोर जाते! ईश्वरीचे डोळे अर्धे मिटले होते.

"थांबा!" ती ओरडली. "खोटं बोलले मी! ओकली नाही ती. दोन दिवस थेंब दिला नाही. मीच दिला नाही!"

बाईंनी फोन ठेवला, क्षारांची पुडी पाण्यात कालवली. आत्यानं चमचा घ्यायला हात पुढं केला — सुलभानं तो हिसकावला! "आता मी!"

एक चमचा. ओठ हलेनात. दुसरा. गिळला! तिसऱ्याला पोरीनं चमचाच धरला. तासाभरानं ती आजीच्या मांडीवर मुतली, आणि आत्या तशीच ओल्या लुगड्यानं हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवसापासून आत्या दारोदार फिरली. "जुलाबात लेकराला पाजत राहा गं, आणि दवाखान्यात न्या. माझं चुकलं." काही दारं तोंडावर बंद झाली. तरी फिरली.

सोपं वाटतं ना? मंडळी, गेल्या वर्षी याच जागेवर उभा राहून मी म्हणालो होतो, "जुलाबात लंघन हेच औषध." तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. कुणाच्या घरी काय झालं, ते विचारायचा मला धीर झाला नाही. मी चुकलो, मंडळी! हात जोडून सांगतो, चुकलो.

आता तुम्ही. घरी गेल्यावर कुणासमोर हे म्हणायचंय, ते तुम्हाला ठाऊक आहे.