काही विचारायचंय का?

नाही, मी काय म्हणतो, उत्तर ऐकायची तयारी नसेल तर माणसाने विचारायचंच कशाला? मी गेलो होतो का कुणाच्या दारात, की बुवा मला प्रश्न विचारा? म्हणजे... गेलोच होतो म्हणा, मुलाखतीला, पार वाघोलीला, दोन बस बदलून, इस्त्रीच्या शर्टाची घडी सांभाळत... पण ते सोडा.

तुम्हाला सांगतो, मी दिगंबर आगाशे, सव्वीस वर्षं स्टोअरकीपर. म्हणजे कारखान्यात माल आला की तो मोजायचा, उलटासुलटा करून बघायचा आणि चलनावर शेरा मारूनच सही करायची. 'एक खोका दबलेला.' 'दोन नग कमी.' सव्वीस वर्षांत बिनशेऱ्याची एक सही नाही हो माझी! मग कारखाना गेला गुजरातला आणि मी आलो घरी.

आता घरी बसवलेला स्टोअरकीपर काय करणार? स्वयंपाकघर म्हणजे तरी शेवटी काय, स्टोअरच की! मी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, उघडल्याची तारीख, शिल्लक साठा. जिरं काढलंस तर सही कर, असं हिला म्हटलं. एकदाच म्हटलं हो! तर घरी बसल्याच्या आठव्या महिन्यात हेमा, म्हणजे आमच्या सौ., कणकेचे हात तसेच ठेवून म्हणाली, "अहो, जूनपर्यंत तुम्हाला नोकरी लागली नाही ना, तर मी धरते. पगार नसला तरी चालेल, घराबाहेर असली म्हणजे पुरे."

हसताय काय! लागलं मला ते. चोपन्नाव्या वर्षी आपण घरात अडगळ झालो की काय, असं वाटून गेलं. त्या दिवशी मी दोन पोळ्या कमी खाल्ल्या, तर हिने त्या डब्यात ठेवून वर तारखेची चिठ्ठी लावली!

मग आमची कन्या अपूर्वा सरसावली. आयटीत आहे ती. "बाबा, इंटरव्ह्यूच्या शेवटी विचारतात, एनी क्वेश्चन्स फॉर अस? तेव्हा नो म्हणायचं नाही हं! आपला इंटरेस्ट दिसला पाहिजे." दिसला पाहिजे ना? दाखवतो!

तर वाघोलीची ती खोकी बनवणारी कंपनी. समोर मालकांचे चिरंजीव शौनक, वय अठ्ठावीस, पांढरेशुभ्र बूट, खुर्चीत बसून गोल गोल फिरतायत. शेजारी वल्लरी मॅडम, लॅपटॉपमधून मान वर काढायची नाही अशी शपथ घेतलेल्या. आणि मुलाखत अशी रंगली म्हणता! साठा कसा लावाल, जुना माल आधी कसा काढाल, मी धडाधड उत्तरं देतोय आणि चिरंजीव म्हणतायत, "काका, इम्प्रेसिव्ह हां!" नोकरी खिशात! मी तर मनातल्या मनात बसचा पासही काढला. आणि तेवढ्यात... "सो काका, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?"

मी खिशातून कागद काढला.

अहो, बाहेर पन्नास मिनिटं बसवलं होतं, माणूस काय करणार, निरीक्षणच करणार ना? म्हटलं, "प्रश्न पहिला. दहाची वेळ देऊन दहा पन्नासला आत घेतलंत, तर घड्याळ कुणाचं दुरुस्त करायचं, तुमचं की माझं? दोन. दारातलं आग विझवायचं नळकांडं गेल्या वर्षीच मुदतबाह्य झालंय, ते शोभेला ठेवलंय का? तीन. वॉचमनने ना माझं नाव लिहिलं ना पिशवी बघितली, माल पण असाच सोडता का? चार. भिंतीवर लिहिलंय 'ग्राहक देवो भव', त्याच्याखाली फोन अकरा वेळा वाजला, उचलला कुणी नाही, देव कंटाळणार नाही का?" सहाव्या प्रश्नाला चिरंजीवांची खुर्ची फिरायची थांबली. सातवा त्या खुर्चीबद्दलच होता, एक चाक नव्हतं तिला. नववा झाला आणि वल्लरी मॅडमनी पहिल्यांदाच मान वर केली. "सर, हे थोडं निगेटिव्ह होतंय असं नाही वाटत तुम्हाला?" मी म्हटलं, "हा दहावा प्रश्न तुमचा की माझ्यात धरू?"

झालं. दुसऱ्या दिवशी ईमेल. आम्हाला खेद वाटतो की... अरे, खेद मला वाटायला हवा! मग विचारायचंच कशाला? आणि कहर ऐका, चार दिवसांनी शौनकचा फोन. "काका, ती लिस्ट मेल कराल का? सोमवारी ऑडिट आहे." नोकरी नको, यादी हवी! पाठवली का म्हणता? पाठवली की! अनुक्रमांक घालून, खाली शेरा मारून, 'पोच द्यावी.' पोच आली नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

पण ठेच लागली की माणसाने शहाणं व्हावं. मी चष्म्याच्या घरात आतून चिठ्ठी चिकटवली, 'काही विचारायचं नाही.' आणि गेलो दुसऱ्या मुलाखतीला. एरंडवण्यात ऑफिस, घरापासून चालत सात मिनिटं, त्यातली दोन चपला घालायला! पंपांच्या सुट्या भागांचे व्यापारी, मालक जयसिंगराव. चहा आला तो कान तुटलेल्या कपात, मी गप. घड्याळ बंद, मी जमिनीकडे बघतोय. डोक्यावर पंखा कर्र कर्र करतोय, मी जीभ दातांत धरलेली. आणि आलाच तो प्रश्न! "काका, काही विचारायचंय?" अहो, सतरा प्रश्न ओठांवर आले होते, घाम फुटला मला... पण म्हटलं, "नाही साहेब, सगळं उत्तम आहे."

"वा! अशी माणसं कुठे मिळतात आजकाल?" जागेवर पत्र हातात! आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बिनशेऱ्याची सही ठोकली.

घरी पेढे आणले. डोळे भरून आले हो माझे, खोटं कशाला सांगू? अपूर्वाने पत्र वाचलं. "बाबा, कामाचं ठिकाण बघितलंत का? गोदाम, लोणी काळभोर. वाघोलीपेक्षाही लांब!"

लगेच फोन लावला. "अहो साहेब, ऑफिस तर एरंडवण्यात आहे!"

"आहेच की. पण माल काय मी इथे टेबलाखाली ठेवू? आणि काका, मी विचारलं होतं ना, काही विचारायचंय का म्हणून?"

आता सकाळी साडेसहाला निघतो, रात्री आठला घरी. हेमा गुणगुणत डबा भरते, वर चिठ्ठी लावते, 'वेळेत खावे.' डब्यांवरच्या माझ्या चिठ्ठ्या तेवढ्या गेल्या. परवा आठवलं, रविवारी सुट्टी असते का, तेही विचारायचं राहिलंय. मी फोन उचलला, तर हिने हलकेच तो माझ्या हातातून काढून घेतला आणि इतक्या प्रेमाने म्हणाली, "राहू द्या हो. विचारायचंच कशाला?"