एका शटरचे दोन अर्ज

बाई: शटरच्या मदतीचा अर्ज घेता येणार नाही, वहिनी. अक्षर छान आहे, फोटो छान आहे, फक्त योजना बंद झाली.

वहिनी: मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात ना, आणा म्हणून? याच खुर्चीत बसून?

बाई: मागच्या महिन्यात वरून पैसे यायचे. आता वरून नुसती पत्रं येतात. पालिकेच्या स्वतःच्या डब्यात जे थोडंफार आहे, ते यंदा एकेकट्या दुकानाला द्यायचं नाही, समूहाला द्यायचं असं ठरलंय. किमान दोन धंदे, एकत्र.

वहिनी: आधी फक्त बायकांना होतं म्हणे.

बाई: होतं. त्याच्याआधी फक्त तरुणांना.

वहिनी: म्हणजे मी तरुण होते तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि बाई आहे हे तुमच्या लक्षात येईपर्यंत योजना बदलली. पुढच्या वर्षी काय मिळणार?

बाई: बहुतेक शुभेच्छा.

वहिनी: त्यालाही अर्ज असेल.

बाई: दोन प्रतींत.

वहिनी: चेष्टा राहू द्या मॅडम. ही नोटीस बघा, तुमच्याच पालिकेची. शटर धोकादायक, महिनाअखेर बदला, नाहीतर दुकानाला सील. आज चोवीस. कपडे शिवून पोट भरणाऱ्या बाईनं सहा दिवसांत नवं शटर कुठून आणायचं? शेजारच्या खिडकीतून नोटीस सुटते, या खिडकीत मदत बंद होते. मध्ये एक भिंत आहे. तिच्यापलीकडे तुम्ही बोलत नाही का एकमेकांशी?

बाई: भिंतीपलीकडे न बोलण्याचा जाब तुम्ही मला विचारताय?

वहिनी: म्हणजे?

बाई: हा दुसरा अर्ज, परवा आलेला. धंदा शिलाई मशीन दुरुस्ती. पत्ता तुमचा. शटर तुमचं. फोटोत या बाजूला तुमची कात्रीची पाटीसुद्धा आली आहे, अर्धी.

वहिनी: अर्धी कापली होय त्यांनी.

बाई: तुमच्या फोटोत त्यांची पाटी पूर्णच कापलेली आहे.

वहिनी: माझा फोन लहान आहे.

बाई: एकच शटर, अर्ज दोन. तुम्ही लिहिलंय, संपूर्ण शटर माझं. त्यांनी लिहिलंय, संपूर्ण शटर माझं. माझ्या नोकरीत दोन शटरला एक अर्ज पाहिला होता, हे पहिल्यांदाच. तुमचे कोण हे?

वहिनी: धाकटे दीर. आमच्या ह्यांचं दुकान होतं ते. हे गेल्यावर मध्ये प्लायवूड टाकून आम्ही दोन केले. शटर कापता येत नाही, म्हणून ते एकच राहिलं.

बाई: बोलणं कधीपासून बंद?

वहिनी: चार वर्षं. प्लायवूड सरकवलं त्यांनी, न विचारता. रविवारी मी घरी होते, सोमवारी येऊन बघते तर फळी हललेली.

बाई: मग शटर उघडतं कोण? त्या गंजलेल्या अजस्र पत्र्याला एक माणूस पुरत नाही असं निरीक्षकांनी लिहिलंय.

वहिनी: तुम्हाला लिहायचंय की नुसतं ऐकायचंय?

बाई: आलेत बघा ते. मीच बोलावलंय अकराला.

(भाऊजी आत येतात. वहिनींच्या शेजारची एकच खुर्ची रिकामी आहे. ते उभे राहतात.)

भाऊजी: मॅडम, तुम्ही म्हणालात एकट्यालाच यायचंय.

बाई: मी म्हणाले, अर्जदारानं यायचंय. बसा.

भाऊजी: उभा बरा आहे. सवय आहे, दुकानात जागाच नाही.

वहिनी: मॅडम, त्यांना विचारा, जागा गेली कुठे.

भाऊजी: मॅडम, वहिनींना सांगा, विचारू नका.

बाई: मी पालिकेची नोकर आहे, तुमची तार नाही. पाच वाजता खिडकी बंद होते. समूह म्हणून एकच अर्ज करा, नाहीतर दोघांच्या दुकानाला एकच सील लागेल. ते कापता येतं की नाही, बघा तुम्ही. हं, पहिला रकाना. समूहाच्या बैठका किती वेळा होतात?

वहिनी: होत नाहीत.

भाऊजी: रोज होते, सकाळी नऊला. शटर उचलायला.

बाई: त्या बैठकीत चर्चा?

वहिनी: मी ‘एक’ म्हणते.

भाऊजी: मी ‘दोन’.

बाई: आणि ‘तीन’?

वहिनी: तीनला उचलतो. म्हणायचं कशाला?

बाई: ‘दैनंदिन बैठक, संक्षिप्त.’ पुढचं. सदस्य एकमेकांच्या धंद्याला कसे उपयोगी पडतात? वहिनी, तुमचं मशीन अडलं तर कुठे नेता?

वहिनी: नेत नाही. संध्याकाळी त्यांच्याआधी निघताना फळीजवळ सरकवून ठेवते. सकाळी चालू असतं.

बाई: कोण करतं?

वहिनी: विचारलं नाही कधी.

भाऊजी: माझा कोट खुंटीवर असतो. बटण तुटलं की दुसऱ्या दिवशी लागलेलं असतं. मीही विचारलं नाही.

वहिनी: तेही आतून झिजलेल्या काजासकट. माणसानं निदान काजाकडे तरी बघावं.

बाई: ‘परस्पर सेवा, विनाचर्चा.’ आता गाळ्यांची मापं. ती निरीक्षकांनी घेतली आहेत. शिवणकाम, साडेनऊ फूट. दुरुस्ती, साडेआठ.

वहिनी: उलटं लिहिलंय.

बाई: निरीक्षक उलटं लिहितील, टेप उलटी कशी लिहील? डावा गाळा साडेनऊ. डावा तुमचाच ना?

वहिनी: अहो, मी तर... फळी सरकली तेव्हा मी मोजलं नाही. सरकली म्हणजे कुणाकडे, हे काय मोजायचं?

बाई: चार वर्षांत एकदाही नाही? गळ्यात टेप घालून फिरता तुम्ही.

भाऊजी: त्यांचं नवं कटिंगचं टेबल येणार होतं. आत मावलं नसतं. आधी विचारलं असतं तर नको म्हणाल्या असत्या.

वहिनी: म्हणालेच असते.

भाऊजी: म्हणून विचारलं नाही.

वहिनी: टेबल लावताना वाटलंच होतं मला, सुतारानं बरोबर माप घेतलंय म्हणून. त्याला शंभर रुपये जास्त दिले मी.

भाऊजी: ते मला माहीत आहे. त्यानं मला चहा पाजला त्यातून.

बाई: भाऊजी, आता बसा.

भाऊजी: बसतो.

वहिनी: पिशवी उचलते, थांबा. बसा भाऊजी.

बाई: झालं जवळजवळ. शटर कुठलं हवं? यंदा आनंदाची गोष्ट आहे. समूहाला मोटरचं मिळतं. बटण दाबलं की वर. एक माणूस पुरतो. कुणी कुणाची वाट बघायला नको.

वहिनी: अस्सं.

भाऊजी: बटण.

बाई: काय झालं? बाजारातले लोक यासाठी माझ्या टेबलावर डोकं आपटतात.

भाऊजी: मोटर बिघडते, मॅडम. आयुष्य गेलं माझं मोटरी उघडण्यात.

वहिनी: आणि वीज जाते. अडकलो म्हणजे?

भाऊजी: हातानं उचलायचं लिहा. हलकं असलं तर बरं.

वहिनी: फार हलकं नको.

बाई: मोटर फुकट आहे. ती नाकारायला कारण लिहावं लागेल. आणि हा वरचा रकाना कोराच राहिलाय, समूहात निर्णय कसे घेतले जातात.

वहिनी: लिहा, आत्ताच एक घेतला.