सर्व्हरला मेमरी किती?

अहो, असं कुठं असतं का! तुम्हाला सांगतो, आमचा संघदीप, जवळच्या महूचा पोरगा, इथं इंदूरच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसतो. कुणी कोडमध्ये कधी काय बदललं ते सगळं जपून ठेवणारं गिट असतं ना, त्याचा सर्व्हर ह्याच्या गळ्यात! त्या दिवशी संध्याकाळी महूला घरी मुलीकडचे ह्याला बघायला येणार, हा निघणार, तेवढ्यात साहेबांनी, अनीशजींनी, मीटिंगरूममध्ये कोंबला. "भिया, नवा सर्व्हर घ्यायचाय. मेमरी किती लागेल? बस, एक आकडा बोल!"

आता कसा बोलणार, बताओ! "सर, एकानं सर्व्हरवरून कोड ओढला तर थोडी लागते, सगळे एकदम तुटून पडले तर..."

"वो सब ठीक है, एक आकडा!"

"सर, मोठ्या फाइली किती, त्यावर..."

तर डिझायनर जयेश हळूच म्हणतो, "मी गिटवर ताईच्या लग्नाचा व्हिडिओ टाकला होता... पण डिलीट केला ना!"

डिलीट! अहो, गिट काही विसरतं का? व्हिडिओ इतिहासात ठाण मांडून, सर्व्हर त्याला दाबून बसवताना मेमरी घटाघट पितोय... आणि इकडे आईचा फोन, "पाहुणे आलेत रे!" "निघालोच!" निघतो कसला? दाराला खुर्ची लावून अनीशजी बसलेले! "बस, एक आकडा!"

शेवटी बिचारा ओरडला, "बत्तीस जीबी!"

सुटला? छे! "बढिया! बत्तीसच का, ते समजाव."

संघदीपचा चेहरा पडला. "सर, थाप मारली. मोजावंच लागेल. सगळ्यांनी एकदम कोड ओढा, मी बघतो." ओढला सगळ्यांनी... आणि सर्व्हर आडवा! अख्खं ऑफिस ठप्प, आता कुठला जातोय हा महूला!

पाहुणे इंदूरचेच. कंटाळून परत फिरले आणि थेट ऑफिसात! कँटीनचे पोहे, मीटिंगरूम, मुलीचे बाबा, आणि मधोमध अनीशजी, जणू नवरदेवाचे काका! मुलगी, संबोधी, शांतपणे म्हणाली, "एवढे अडकलात कशात?" ह्यानं सगळं सांगितलं, बत्तीसच्या थापेसकट. ती हसली. "कबूल तरी करता. मला चालेल."

जमलं हो! बाबा खूश, "जावईबापू, आता आमच्या घरी कधी येताय?"

संघदीपनं तोंड उघडलं, पण उत्तर दिलं अनीशजींनी, "मीटिंग संपली की!"