चार दोऱ्या

यवतमाळच्या दवाखान्यात रजनीबाई एक्स-रेसाठी थांबल्या होत्या. शेजारी एक नवरा-बायको बसलेले, सोबत त्यांची कॉलेजातली पोरगी. त्या बायकोचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरात.

"माहीच चुकी हाय, समीक्षा. ढोर आडवं आलं, यायनं ब्रेक मारला अन् मी मागं हलली. म्हणून गाडी पडली."

"मी तं चाळीसनंच होतो," नवरा म्हणाला.

"बाबा, मी काल काकाले घेऊन तिथंच गेलती. काकाची गाडी तुमच्यासारखीच हाय. त्यानं चाळीसवर ब्रेक मारला. टायरची निशाणी आपल्या वावरात सरकी टोबायच्या दोरीनं मोजली. एक दोरी भरली."

"मंग?"

"तुमची निशाणी सडकेवर हाय अजून. थे चार दोऱ्या भरली."

"म्हणजे काय मी चौपट पळवली? गाडी हाय का उडतं इमान?"

"चौपट नाही बाबा, दुप्पट. वेग दुप्पट झाला का गाडीतली ऊर्जा चौपट होते. थे सारी जिरवाले ब्रेकले तेवढंच काम करा लागते. म्हणून गाडी चौपट घासत जाते."

"म्हणजे ऐंशी?" बायको नवऱ्याकडं वळली.

"कोकिळा, आयक तं..."

"ऐंशी वो? अन् मी साऱ्या सोयऱ्यायले सांगून राह्यली, का माह्यानंच झालं म्हणून?"

रजनीबाईंच्या हातातली एक्स-रेची चिठ्ठी खाली पडली. तेवढ्यात एक्स-रेच्या दारातून नर्सनं हाक मारली.

"कोकिळाबाई, आत या!"

नवऱ्यानं लगबगीनं हात पुढं केला.

"तुमी बसा. समीक्षा, तू धर मले."