चिरमुले मास्तरांची हुडाची मोटार

मंडळी, ऐका! पुढं सरका, मागच्यांना जागा द्या. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. खोटं बोलू नये, हे पोरंसोरंही सांगतील. पण समोरच्यानं विचारलंच नाही — तर? आपण नुसते गप्प बसलो, तर ते पाप का? ... हां! आता कसे सगळे खाली बघायला लागले!

वाईला चिरमुले मास्तर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या वकील काकांची एक मोटार त्यांच्याकडं आली होती. कसली मोटार म्हणता! कापडी हूड मागं दुमडलं की डोक्यावर नुसतं आभाळ! पितळी दिवे, स्टिअरिंगचं लाकडी चाक. पण मास्तरांच्या पत्नी, सिंधूताई — त्यांचे गुडघे पार गेलेले. भिंत धरून चालायच्या. ऑपरेशन करायचं, तर मोटार विकण्यावाचून इलाज नव्हता.

मास्तरांनी पेपरात जाहिरात दिली — ‘जुनी हुडाची मोटार, चालू स्थितीत. किरकोळ डागडुजी आवश्यक.’ किरकोळ! मंडळी, जाहिरातीतला ‘किरकोळ’ म्हणजे स्थळ सांगताना मुलगा ‘जरा तापट’ असतो ना, त्यातला प्रकार!

गिऱ्हाईक आलं पाचगणीहून. होमीशेठ. सोबत लेक आणि चिमुकली नात. शेठनी हूड चाचपलं — फाटलेलं. गादी पाहिली — उसवलेली. म्हणाले, “मास्तर, हे तर दोन दिवसांचं काम! इंजिन?” मास्तरांनी हँडल मारलं. आणि काय सांगू — पहिल्या हिसक्याला मोटार गुरगुरली! नात टाळ्या पिटत मागच्या सीटवर चढली. लेकही बसली. शेठनी पैशांचं पुडकं मास्तरांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, “आता हिला घेऊन असाच पसरणीचा घाट चढतो!”

घाट! मास्तरांची नजर मोटारीच्या पुढच्या चाकांकडं गेली.

का? तर मंडळी, फार वर्षांपूर्वी काकांनी ही मोटार वडाला धडकवली होती. चाकं वळवणारा खालचा दांडा तुटला. गावातल्या लोहारानं तो सांधला, वरून काळा रंग फासला. त्यानंतर मोटार फिरली ती सपाटीवर, मेणवलीपर्यंत. घाटात कधीच नाही. हे ठाऊक असलेला जिवंत माणूस एकच — मास्तर!

मन काय म्हणालं? ‘त्यानं विचारलं का? नाही. इतकी वर्षं टिकलं, आज काय होतंय?’ मास्तरांनी ओसरीकडं पाहिलं. सिंधूताई खांबाला धरून उभ्या. किती दिवसांनी चेहऱ्यावर हसू होतं! सांगा, तुम्ही काय केलं असतं? ... नका सांगू. देव ऐकतोय!

शेठनी गिअर टाकला. मोटार हलली — आणि मास्तर धावले! सरळ मोटारीपुढं, दोन्ही हात पसरून!

“थांबा! शेठ, खाली उतरा! दांडा सांधलेला आहे. मी बोललो नाही. हे घ्या तुमचे पैसे!”

शेठ भडकले. “हे आत्ता सांगता? माझी पोरं आत बसल्यावर?”

शेठनी स्टँडवरून याकूब मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री मोटारीखाली शिरला. सांध्यावर पान्याचा एक टोला घातला. जोराचा नाही हो, दारावर टकटक करावी तेवढा!

आणि दांडा — त्याच्या हातात आला! दोन तुकडे!

मंडळी, आतून सगळा गंज. केसाएवढ्या धातूवर ती मोटार उभी होती. मिस्त्री तुकडे घेऊन बाहेर आला आणि पुटपुटला, “या अल्ला... पहिल्या वळणालाच...” नात मात्र मागच्या सीटवर हसतच होती — “चला ना, आजोबा!”

शेठनी तिला उचलून छातीशी धरलं. ते वाकले मास्तरांच्या पायाशी! मास्तर मागं सरले. “नको, शेठ! मी गप्प बसणारच होतो. कसा धावलो, माझं मलाच कळलं नाही.”

बघा मंडळी! काटा आला की नाही अंगावर? तोंड मास्तरांचं, पाय मास्तरांचे — मग धावलं कोण? मी नाव घेत नाही. तुम्ही ओळखलंत!

शेठ उठले आणि पुडकं सिंधूताईंच्या ओंजळीत ठेवलं. म्हणाले, “भाबी, खोट लोखंडात होती. ती मी बदलून घेईन.” नवा दांडा बसला, हूड शिवलं, आणि महिन्याभरात मोटार घाट चढून गेली. सिंधूताई आता काठीशिवाय देवळात येतात.

तर मंडळी, गप्प बसणं पाप का? मला विचारू नका. तुमच्या भरवशावर आज कोण निघालंय, ते आठवा. विकलेलं घर असेल, जमवलेलं लग्न असेल, दिलेला शब्द असेल. त्या माणसानं विचारलेलं नाही. तो विचारणारही नाही. तो हसतोय, निघायच्या गडबडीत आहे.

त्याच्यापुढं हात पसरून उभे राहा. आरती त्यानंतर केली तरी देव रागावणार नाही!