स्टेज तुमचं, पोरगी माझी

आमी मूळचे जामखेडकडले, मन्यार, बांगड्या भरनारी मानसं, आन लगीन होऊन मी तिसगावात आले ती हितलीच झाले. बाजाराच्या दिवशी पाल टाकून बसते, लगीनघरी बोलावनं आलं की चुडा भरायला जाते, मग ते हिंदूचं असू द्या का आमच्यातलं. बाया इचारत्यात, शमीमभाबी, तुमी कोन्या पक्षाच्या हो? काय सांगू तुमाला ताई, मी म्हनते कोन्याच न्हाई. पोरीनं शिकावं, नोकरी करावी, हे मला पटतं. पन डोक्यावरची ओढनी खाली आलेली पटत न्हाई, आईबापाला न इचारता केलेलं लगीन पटत न्हाई, आन गावात दारूचं दुकान तर नगंच. मत बी तसंच देते, गावाला एकाला, वर दुसऱ्याला.

मालक लौकर गेले. तवा माझी रेहाना शाळंत हुती. आमच्या जमातीचे सदर, म्हंजे अध्यक्ष, वयस्कर मानूस, त्यांनी जनाज्याला खांदा दिला, घरात दाना न्हाई हे न सांगता वळखलं, रेहानाचा निकाह बी त्यांनीच जमवला, नगरला, गॅरेजवाला पोरगा. मानूस चांगला हो सदर, ते आधी ध्यानात घ्या, मग फुडचं ऐका.

तर लेकीला लेक झाली आन जावयाचं मन फिरलं. रेहाना हिकडं माहेरी आल्ती, पोरगी मांडीवर, आन त्याचा फोन आला. तिनं हसूनच कानाला लावला. त्यानं तीनदा तलाक म्हनलं आन ठेवून दिला. रेहाना फोनकडं बगत बसली, पोरगी फोन ओढाया लागली तरी हिचं ध्यान न्हाई. ते तोंड मला अजून दिसतं.

तवर तो कायदा झालेला, तीनदा म्हनून बायको सोडता येत न्हाई असा. मी सदरांकडं गेले, म्हनलं तक्रार देते. ते म्हनले, बेटी, दिवस कसे हायेत बगतीस ना, आपल्या एका घरात पोलीस आला की बोट सगळ्या जमातीकडं जातं, मी त्याला समजावतो, थांब. खरं सांगू, ते काय खोटं बोलत नव्हते. दिवस तसेच हायेत, मला बी भ्या वाटतं. पन मी म्हनलं, साहेब, सगळ्या जमातीचं ओझं माझ्या एकटीच्या लेकीनं का उचलायचं? आन गेले चौकीत. तवापासनं आमच्यातल्या लग्नाची बोलावनी बंद झाली. सदर रस्त्यात दिसले तर मान खाली घालून जायचे, ते लई लागायचं मला.

मग तो कायदा करनाऱ्या पक्षाची मानसं आली. शाल, नारळ, हार. म्हनले सभा हाय, तुमी बोलायचं, कायद्यानं न्याय दिला म्हनायचं, आन तुमच्या जमातीनं कसं छळलं ते बी सांगायचं. मी म्हनलं, कायदा चांगला हाय, हे बाजारात उभं ऱ्हाऊन सांगीन. पन ज्यानं माझ्या मालकाला खांदा दिला त्याला तुमच्या माईकवरनं शिव्या देऊ व्हय? स्टेज तुमचं हाय दादा, पोरगी माझी हाय. तर जाताना त्यातला एक म्हनला, शेवटी तुमी तिकडल्याच. मला हसू आलं, आन मग रडू आलं. आन जमातीतले म्हनत्यात मी ह्यांच्याकडली झाले.

केस चालू हाय. रेहाना आता दवाखान्यात कामाला जाते, पोरगी बालवाडीत. मधी एक चांगलं स्थळ आलं, बिजवर, नमाजी मानूस. मी म्हनलं, बाईनं एकटीनं ऱ्हावं, हे मला पटत न्हाई, सुटका झाली की निकाह कर. तर ती काय म्हनली, अम्मी, तू सगळ्या जमातीला न इचारता चौकीत गेलीस ना, मग माझ्या लग्नाचं मला ठरवू दे, आन मला करायचंच न्हाई.

आता नमाजाला बसले की मागते, तिच्या मनासारखं होऊ दे. आन लगेच फुडं मागते, तिचं घर बसू दे. दोन्ही दुवा एकाच तोंडानं. कोंची ऐकायची ते त्याचं त्यानं बगावं.