पापनाशमचा डबा

तुम्ही पुण्याकडून आलांत, माझं मराठी तुम्हांस मोडकं वाटेल, तरी ऐका. आम्ही तंजावरचेच, राजाबरोबर आलेल्यांच्या वंशातले म्हणतात, मी तमिळ शाळेंत गणित शिकवलं, मराठी बोलतों पण वाचतां येत नाही, आमचं असंच झालं सगळं.

माझा आजा राघवराव. अप्पा, म्हणजे माझे वडील, सात वर्षांचे असतांना आजा घर सोडून गेला. बारा वर्षं वाट पाहिली, मग आमचे उपाध्याय, वाद्यार म्हणतों आम्ही, ते म्हणाले आतां दर्भाचा पुतळा करून त्यास अग्नी द्या, तीच रीत. अप्पांनी दिला. त्याच वेळीं आजीचं कुंकू पुसलं, केस काढले. मी आजीस पाहिली ती तशीच, डोकीवर पदर.

हा शोध मी हौसेनं नाही केला. नात बेंगळुरूस असते, तिनं वंशाचा तक्ता करायला घेतला, म्हणाली ताता, तुमच्या आजाच्या मरणाची तारीख द्या. मी म्हटलं तारीख कुठली, पुतळा जाळला ती आडी अमावास्या, म्हणजे तुमच्या आषाढाची, त्या दिवशीं श्राद्ध करतों. ती ऐकेना. म्हणून अप्पांची पत्र्याची पेटी काढली, तर तळाशीं पापनाशमच्या एका धर्मशाळेची तमिळ चिठ्ठी, अप्पांच्या नांवें, राघवराव फार आजारी, लगेच या. साल पाहिलं, तेव्हां मी दुसरींत होतों. पुतळा तर माझ्या जन्माआधींच जाळलेला.

बस धरून पापनाशम गांठलं. कचेरींतल्या मुलीनं मरणाचं जुनं रजिस्टर काढलं, अर्धा दिवस पानं उलटलीं बिचारीनं. सांपडलं. राघवराव, धर्मशाळेंत स्वैंपाकी. खबर देणाऱ्याची सही अप्पांची. नातं काय, तर ओळखीचा. मुलगा नाही लिहिलं हो, ओळखीचा. मी तिथंच रडलों.

पुतळा जाळलेला माणूस परत आला तर त्याचे सगळे संस्कार पुन्हा करायचे, बायकोशीं लग्नसुद्धां पुन्हा लावायचं. केस काढलेल्या आजीस अप्पा कुठल्या तोंडानं सांगणार, आई, तुझा नवरा दहा कोसांवर भात रांधतो आहे? बाप जिवंत असल्याचं त्यांस कधीं कळलं, कसं कळलं, देव जाणे, पण म्हणून गप्प राहिले. जिवंत बापाचं श्राद्ध दरसाल करीत राहिले.

आणि मला आठवलं, महिन्यांतून एका रविवारीं अप्पा पापनाशमच्या देवळास जायचे, डब्यांत दहीभात. डबा आजीच भरायची, नार्तंगाईचं, म्हणजे महाळुंगाचं, लोणचं घालून. अप्पा लोणचं खातच नसत. मी दुसरींत असतांना तें जाणं थांबलं. आजीनं विचारलं, आतां नाही का जायाचं? अप्पा म्हणाले, नाही. तिनं डबा घांसला, माळ्यावर ठेवला, मग दोन दिवस जेवली नाही. तिला ठाऊक होतं का? कोणास विचारूं, सगळे गेले.

खरी तिथी पंचांगांतून काढली आहे. वाद्यारांस सांगितलं तर म्हणतील, मग इतकीं वर्षं केलं तें कोणाचं? नकोच. माझा मुलगा तर माझंही करील असं दिसत नाही. त्या तिथीस मीच पान मांडीन, दहीभात वाढीन, लोणचं वाढीन, आणि पाणी सोडतांना सांगेन, आजा, ओळखीचा नव्हे, तुमचा मुलगाच येत होता हो. आणि पुणेकर, तुमचे वडील आहेत ना? असूं देत, खूप वर्षं असूं देत.